हात आहे, अक्षर नाही

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत, शाळेत, आडतीवर किंवा सोसायटीत गेलं, की लिहिणं हे पोटापाण्याचं काम म्हणून दिसतं. तलाठी फेरफार लिहितो, मास्तर फळ्यावर सुविचार लिहितात, मानवत-सेलूच्या कापूस बाजारात मुनीम वजन आणि भाव लिहितो, गावातल्या बचत गटाची सचिव हप्त्यांची वही लिहिते. बी. रघुनाथांसारखा मोठा कवी-कादंबरीकारही या जिल्ह्यात कारकुनीच करत होता. १९१३ साली सातोना इथं जन्मलेल्या या माणसानं सार्वजनिक बांधकाम खात्यातली नोकरी सांभाळून कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करत असतानाच, जेमतेम चाळिशीत ते गेले. दिवसभर सरकारी टिपणं लिहिणारा आणि रात्री कविता लिहिणारा हात एकच होता.

हे पुस्तक ज्यांच्याविषयी आहे, त्यांचं लिहिणं मेंदूला झालेल्या इजेनं मोडलं. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, लकवा मारला, मेंदूत गाठ झाली, मेंदूच्या आवरणाला क्षय झाला. कारणं वेगवेगळी, आणि दवाखान्यातून सुटी मिळताना घरच्यांना वाटलेला सुटकेचा श्वास मात्र सारखाच. जीव वाचला, चालायला लागला, माणसं ओळखतो, जेवतो. मग केव्हातरी कुणीतरी कागद पुढे करतं, ‘इथं सही करा’ म्हणतं, आणि तेव्हा कळतं. डॉक्टरांच्या भाषेत या अवस्थेला ‘अग्राफिया’ म्हणतात. आपल्या गावांत तिला नाव नाही, आणि ज्याला नाव नसतं त्याच्यावर कुणी औषध विचारायलाही जात नाही.

घरच्यांना पहिला संशय येतो तो हाताचा. उजवी बाजू लुळी पडली म्हणून लिहिता येत नाही. मालिश करू, व्यायाम करू, हात सुधारला की लिहिणंही येईल. काही वेळा हे खरंही असतं. पण कित्येकदा शर्टाची गुंडी लावणारा, भाकरी मोडणारा, किल्ली फिरवणारा हात पेन घेऊन कागदाशी नुसताच थांबतो. किंवा लिहितो, आणि कागदावर भलतंच उमटतं. दोष कुठं आहे हे पाहायची एक साधी रीत आहे. डाव्या हातानं लिहायला सांगावं. अक्षर वेडंवाकडं आलं पण शब्द बरोबर उतरला, तर अडचण बहुधा हाताची. लहान मुलांच्या खेळातल्या अक्षरांच्या चकत्या पुढे ठेवाव्यात, किंवा मोबाइलवर आपलं नाव लिहायला सांगावं. तिथंही अक्षरं सापडत नसतील, त्यांचा क्रम लागत नसेल, तर हाताला दोष देण्यात अर्थ नाही. लिहिणं मेंदूत मोडलं आहे.

मेंदूत लिहिणं म्हणजे नेमकं काय असतं, हे माणसाला फार उशिरा कळू लागलं. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. तेव्हापासून मेंदूच्या कुठल्या भागात कुठलं काम चालतं याचा शोध जोरात सुरू झाला. १८६७ मध्ये लंडनच्या विल्यम ओगल यांनी एक गोष्ट स्पष्ट मांडली: बोलणं आणि लिहिणं बहुतेक वेळा बरोबर जातात, पण प्रत्येक वेळी नाही. बोलता येतं पण लिहिता येत नाही, लिहिता येतं पण बोलता येत नाही, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण असतात. म्हणजे लिहिणं ही बोलण्याची नुसती सावली नाही, त्याची मेंदूत स्वतःची व्यवस्था आहे. १८८१ मध्ये व्हिएन्नाच्या झिग्मुंट एक्सनर यांनी डाव्या मेंदूच्या पुढच्या भागातली एक जागा लिहिण्याची म्हणून सांगितली. त्यावर शंभरेक वर्षं वाद झाला. आता मेंदूची शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून करता येते, तेव्हा त्या भागाला विजेचा अगदी सौम्य स्पर्श केला की लिहिणारा रुग्ण लिहिता लिहिता थांबतो आणि बोलत मात्र राहतो, हे सर्जनांनी पाहिलं आहे. एक्सनर यांच्यानंतर दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, फ्रेंच डॉक्टर देजेरिन यांनी मेंदूच्या मागच्या-वरच्या भागातल्या इजेनं वाचणं आणि लिहिणं दोन्ही एकदम गेल्याचं दाखवलं होतं. तेव्हा लिहिण्याची जागा एक नाही, अनेक आहेत. एखादाच शब्द लिहायचा तरी तो आठवावा लागतो, त्यातले आवाज सुटे करावे लागतात, आवाजांची अक्षरं करावी लागतात, हात शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचेतो तो सगळा शब्द मनात धरून ठेवावा लागतो, प्रत्येक अक्षराचं वळण हाताला सांगावं लागतं, आणि कागदावर कुठं सुरू करून कुठं थांबायचं हे डोळ्यांना सांभाळावं लागतं. यातली कुठलीही एक कडी तुटली की लिहिणं तुटतं, आणि प्रत्येक वेळी निराळ्या तऱ्हेनं तुटतं.

जगातली काही उदाहरणं इथं सांगितली पाहिजेत, कारण त्यांच्यामुळं आपल्या घरातलं माणूस समजायला मदत होते.

इंग्रजीचा मोठा कोश रचणारे सॅम्युएल जॉन्सन १७८३ च्या जूनमधल्या एका रात्री झटका येऊन जागे झाले. वाचा गेली होती. बुद्धी शाबूत आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिनमध्ये पद्य प्रार्थना रचली, आणि सकाळी चिठ्ठ्या लिहून मदत मागवली. बोलणं गेलं, लिहिणं राहिलं. कॅनडाचे रहस्यकथाकार हॉवर्ड एंगेल यांचं वेगळंच झालं. २००१ मध्ये एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं तर छपाई कुठल्याशा परक्या लिपीतली वाटली. वाचणं गेलं होतं, पण लिहिणं शिल्लक होतं. स्वतः लिहिलेली ओळ त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती. अशा अवस्थेत त्यांनी पुढची कादंबरी लिहून पुरी केली. फ्रेंच संगीतकार मॉरिस रॅव्हेल यांचा आजार हळूहळू वाढत गेला, आणि १९३२ च्या टॅक्सी अपघातानंतर तो आणखी बळावला. नवं संगीत आपल्याला डोक्यात स्पष्ट ऐकू येतं, पण ते कागदावर उतरवता येत नाही, असं ते सांगत. मित्राला साधं पत्र लिहायचं तर शब्दकोश उघडून, एकेका अक्षराचा आकार शोधत बसावं लागे. १९३७ च्या डिसेंबरात मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते वारले. ऐकणारा, ओळखणारा, रचणारा रॅव्हेल शेवटपर्यंत आत होता आणि त्याला बाहेर यायची वाट उरली नव्हती, हे वाचताना मन गलबलतं.

पण या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लेव झासेत्स्की. हा रशियन तरुण १९४३ च्या मार्चमध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर डोक्यात गोळी लागून जखमी झाला. डाव्या मेंदूचा मागचा-वरचा भाग फाटला. त्याला वाचता येईना, लिहिता येईना, स्वतःच्या शरीराचे भाग कुठं आहेत हे कळेना. पेन्सिल कशी धरायची हेही तो विसरला होता. एकेक अक्षर पुन्हा शिकवायला घेतलं तर ते आठवेचना. मग एके दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितलं, अक्षरांचा विचार करू नकोस, हात न उचलता अख्खा शब्द एका दमात लिही. आणि त्याला लिहिता आलं. अक्षरं जाणीवपूर्वक शोधताना हरवत होती, पण हाताला पडलेली शब्दाची सवय जखमेतून वाचली होती. त्यानंतर पंचवीस वर्षं तो लिहीत राहिला, सुमारे ३००० पानं. कधी दिवसभरात अर्धं पान, कधी तेवढंही नाही. आणि लिहिलेलं परत वाचणं तर त्याहून अवघड. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया यांनी ती पानं आणि स्वतःची निरीक्षणं एकत्र गुंफून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर पुस्तक केलं.

झासेत्स्कीचं वाचताना मराठी माणसाला मोडी आठवल्याशिवाय राहत नाही. लेखणी शक्य तितकी न उचलता, ओळीच्या ओळी धावत लिहायची ती लिपी. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीशी परंपरा तिचं नातं जोडते. तो इतिहास असो वा दंतकथा, मराठवाड्याच्या जुन्या दफ्तरांत ती लिपी भरून आहे. निजामाच्या राज्यात वाढलेल्या पिढीत असे लोक होते ज्यांनी शाळेत उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली, घरी पोथी देवनागरीत वाचली आणि हिशोबाच्या वहीत मोडी चालवली. मेंदूला इजा झाली की अशा माणसाच्या सगळ्या लिप्या सारख्याच जात नाहीत. जपानमध्ये याचा कसून अभ्यास झाला आहे, कारण तिथं एकाच वाक्यात आवाज दाखवणारी ‘काना’ चिन्हं आणि अर्थ दाखवणारी ‘कांजी’ चिन्हं दोन्ही येतात, आणि काही रुग्णांची एक जाते तर काहींची दुसरी. म्हणून आजोबांना मराठी लिहिता येत नसेल तर उर्दूत किंवा इंग्रजीत लिहून पाहा म्हणावं. आज मोडी लिहिणारे फारसे उरले नाहीत, पण इंग्रजीत सही करणारे आणि मराठीत पत्र लिहिणारे घरोघर आहेत.

आता आपल्या लिपीकडे येऊ, कारण या विषयावरचं बहुतेक लेखन इंग्रजी रुग्ण पाहून झालं आहे आणि ते जसंच्या तसं आपल्याला लागू पडत नाही.

इंग्रजीत शब्दाचं स्पेलिंग पाठ करावं लागतं. त्यामुळं ज्या रुग्णाची अख्ख्या शब्दांची आठवण जाते पण आवाजावरून अक्षर काढण्याची वाट शाबूत असते, तो इंग्रजीत ताबडतोब पकडला जातो; तो कानाला ऐकू येईल तसं लिहितो आणि स्पेलिंग चुकतं. मराठीत बरंचसं बोलल्यासारखंच लिहिलं जातं, म्हणून असा रुग्ण आपल्याकडे सुटून जातो. त्याची चूक दिसते ती फक्त ऱ्हस्व-दीर्घात, श-ष मध्ये, न-ण मध्ये. आणि या चुका तर शाबूत मेंदूची माणसंही रोज करतात. मग ही चूक आजाराची की जुन्या सवयीची, हे ठरवायचं कसं? त्यासाठी एकच खात्रीचा पुरावा आहे: त्या माणसाचं आजाराआधीचं अक्षर. जुनी डायरी, दूधवाल्याचा हिशोब, मुलाला हॉस्टेलवर पाठवलेलं पत्र, शाळेचं हजेरीपत्रक, काहीही. सीटी स्कॅनचा लिफाफा जपून नेणारी मंडळी ही वही घरीच विसरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, डॉक्टरांकडे जाताना ती वही पिशवीत टाका. तज्ज्ञानं ती मागितली नाही तरी आपण होऊन दाखवा.

दुसरी गोष्ट वेलांटीची. ‘कि’ म्हणताना क आधी आणि इ नंतर येते, पण पहिली वेलांटी हात आधी काढतो. म्हणजे उच्चाराचा क्रम एक आणि हाताचा क्रम दुसरा. ही उलटापालट मनात नीट मांडलेली असल्याशिवाय ते अक्षर उतरत नाही. जोडाक्षरांचंही तसंच, ‘प्रार्थना’ या एका शब्दात एक र पायाशी जातो आणि एक डोक्यावर चढतो. शब्द मनात धरून ठेवण्याची ताकद कमी झालेला माणूस ‘घर’, ‘मका’, ‘कमल’ लिहील आणि ‘प्रार्थना’पाशी मोडून पडेल. त्यानं आधीचे तीन शब्द बरोबर लिहिले म्हणून तो आळस करतोय किंवा नाटक करतोय असा समज घरात होतो. तसं नसतं.

उजव्या मेंदूला इजा झाली तर चित्र आणखी वेगळं. शब्द सगळे येतात, पण माणूस कागदाच्या डाव्या अर्ध्या भागाकडे बघतच नाही. ओळी उजव्या कडेला दाटीनं सुरू होतात, अक्षरातल्या रेघा जास्तीच्या पडतात, एकच काना दोनदा येतो, ओळ वर चढत जाते. हा माणूस लिहायला विसरलेला नाही, त्याच्या जगातून डावी बाजू पुसली गेली आहे. त्याच्या ताटातली डावीकडची भाजीही तशीच उरते. लाल शाईनं डावीकडे जाड रेघ ओढून ‘या रेघेपासून सुरू करा’ म्हटलं तर त्याला पुष्कळ मदत होते. लकवा मारलेल्या माणसाच्या लिखाणाची चर्चा करताना बहुतेक जण डाव्या मेंदूपाशी थांबतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि बिघाडांची एक चौकडी अशी आहे जी आपल्या माणसांच्या फार जवळची आहे. व्हिएन्नाच्या योसेफ गेर्स्टमान यांनी १९२४ मध्ये एका बाईचं वर्णन केलं, जिला स्वतःच्या हाताचं कुठलं बोट कुठलं हे सांगता येईना. पुढं त्यांच्या ध्यानात आलं की अशा रुग्णांत चार गोष्टी बरोबर बिघडतात: बोटांची ओळख, हिशोब, डावं-उजवं आणि लिहिणं. डाव्या मेंदूतल्या एका लहानशा भागाभोवती ही कामं शेजारी शेजारी वसलेली आहेत. आपल्या आया-आज्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत हिशोब करत आल्या. चार बोटं, बोटाला तीन पेरं, एका हातावर बारा. बोटं आणि आकडे मेंदूत शेजारी का, याचं एक कारण लहानपणच्या या बोटमोजणीत असावं असं काही संशोधकांना वाटतं. आडतीवरचा मुनीम डोक्याला मार लागल्यावर पावतीही लिहू शकत नाही आणि बेरीजही चुकतो, तेव्हा मालकाला वाटतं दोन दोन गोष्टी बिघडल्या, आता याचं डोकं गेलं. प्रत्यक्षात इजा एकच आणि लहान असू शकते, आणि त्याची माणसांची पारख, मालाची पारख, जुन्या गिऱ्हाइकांची आठवण जागच्या जागी असू शकते.

इथं मी या पुस्तकाच्या मुख्य म्हणण्यापाशी येतो. लिहिता येणं आणि डोकं शाबूत असणं यांना आपण एकमेकांचा पुरावा मानतो, आणि हे दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

एक बाजू वर आलीच. दुसरी जास्त धोक्याची आहे. सही ही हजारो वेळा गिरवलेली गोष्ट असल्यामुळं ती पुष्कळदा सगळं लिहिणं गेल्यावरही टिकते. ज्या माणसाला ‘पाणी’ लिहिता येत नाही तो ऐटीत सही ठोकतो. ती सही बघून बँकेला, साक्षीदारांना, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या गर्दीला वाटतं, सगळं ठीक आहे. पण अशा काही रुग्णांना पुढ्यातला मजकूर वाचलेला समजत नाही, ऐकलेलं लांबलचक वाक्य समजत नाही. गोदाकाठच्या काळ्या जमिनीला आज जो भाव आहे, त्यात या एका सहीवर काय काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. सही टिकली म्हणून समज टिकली असं धरू नका, आणि सही गेली म्हणून समज गेली असंही धरू नका. समज स्वतंत्रपणे तपासा: सोपे, हो-नाहीचे प्रश्न विचारा, उलटसुलट करून पुन्हा विचारा, वस्तू दाखवायला सांगा, त्याच्या पैशांविषयी त्याला काय हवं आहे ते खुणांनी, चित्रांनी, वेळ देऊन काढून घ्या.

लिहिणाऱ्याचा हात आणि रचणाऱ्याचं मन वेगळं असू शकतं, हे खरं म्हणजे मराठी माणसाला नवं नाही. ज्ञानेश्वरी नेवाशाला सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी उतरवून ठेवले. रामदासांचा दासबोध कल्याणस्वामींच्या हातचा. आणि आमच्या गंगाखेडची जनाबाई, लहानपणी पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी गेली आणि तिथली दासी म्हणून जन्मभर दळण-कांडण करत राहिली. तिचे अभंग तर खुद्द पांडुरंगानं लिहून घेतले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेत कुठंही असा सूर नाही की जनीनं स्वतः लेखणी धरली नाही म्हणून अभंग जनीचे कमी झाले. ज्या समाजानं लेखनिकाला इतकं पावन मानलं, त्यानं आजच्या आजारी मास्तरांना ‘आता तुमच्यानं काय होणार’ असं म्हणावं, हे मला बघवत नाही. ज्यांचं बोलणं शाबूत आहे त्यांनी सांगावं, कुणीतरी लिहावं. आज मोबाइलही मराठी ऐकून मराठी लिहितो. ज्यांचं बोलणंही अडलं आहे त्यांच्यासाठी हा रस्ता अरुंद होतो, पण बंद होत नाही. स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये झटका आला, उजवी बाजू आणि बहुतेक बोलणं गेलं. त्यांच्या तुटक शब्दांचा अर्थ पत्नी मोनिका लावत राहिल्या, १९९६ मध्ये त्यांचा नवा संग्रह आला, पुढे हायकू आले, आणि २०११ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. डाव्या हातानं ते पियानो वाजवत.

उपचारांविषयी पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथं एवढंच सांगतो, की गेलेलं लिहिणं काही प्रमाणात परत येतं. पहिल्या काही महिन्यांत वेगानं, पुढं हळू, पण वर्षानंतरही सुधारणा होते. वाचा-उपचारतज्ज्ञ ही या कामाची माणसं, आणि ती मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत ही आपली मोठी अडचण. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची, वाचा आणि श्रवण यांच्या दोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. हैदराबादेत वाढलेले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले हे गृहस्थ, म्हणजे एका अर्थी आपल्याच जुन्या मुलखातले. पण जिंतूरच्या किंवा पालमच्या माणसाला दर आठवड्याला मुंबई गाठणं शक्य नाही. म्हणून तज्ज्ञाकडून एकदा नीट तपासणी करून घ्यावी, फोनवर संपर्क ठेवावा आणि रोजचं काम घरात करावं.

घरात सगळ्यांत जास्त जी चूक होते ती बाराखडीची. पहिलीच्या पोरासारखी पाटी हातात देतात आणि ‘क ला काना का’पासून सुरुवात करतात. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईंकडून त्यांचाच नातू बाराखडी गिरवून घेतो, शेजारचे बघतात, आणि बाई दुसऱ्या दिवशी पाटीला हात लावत नाहीत. अभ्यास सांगतो की थोडे, कामाचे शब्द घेऊन तेच पुन्हा पुन्हा करणं जास्त फळतं. स्वतःचं नाव, गावाचं नाव, मुलांची नावं, ‘पाणी’, ‘दवाखाना’, ‘दुखतंय’. शब्द बघून लिहायचा, मग झाकून लिहायचा, चुकला तर उघडून पुन्हा बघायचा. पाच शब्द पक्के झाले की सहावा. चकत्यांनी शब्द जुळवणं चालेल, मोबाइलवर चालेल, डाव्या हातानं चालेल. लवकर बोलून शब्द त्याच्या तोंडून काढून घेऊ नये, आणि चुकीवर हसू तर मुळीच नये. दार लावून, सकाळी, माणूस थकलेला नसताना. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

आणि मग अंगठा. ज्या जिल्ह्यात आईबापांना सही यावी म्हणून मुलींनी रात्री कंदिलाशेजारी बसून त्यांचा हात धरून गिरवून घेतलं, तिथं अंगठा उठवणं ही नुसती कारवाई नसते. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी आहे. निवृत्त शिक्षकाच्या बोटाला शाई लावताना खिडकीपलीकडच्या माणसानं आवाज उतरवावा, एवढी अपेक्षा जास्त नाही. कायदा मात्र या बाबतीत समाजापेक्षा मोठ्या मनाचा आहे, हे लोकांना माहीत नसतं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण ही सहीच आहे. १९२५ च्या वारसा कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार मृत्युपत्रावर सही किंवा खूण करता येते, किंवा आपल्यासमोर आणि आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याला सही करायला सांगता येते. त्यावर दोन साक्षीदार लागतात. १८७२ चा करार कायदा माणूस व्यवहार समजू शकतो का आणि त्याचं भलंबुरं ठरवू शकतो का, एवढंच विचारतो; त्याला लिहिता येतं का, हे विचारत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मेंदूच्या इजेनं वाचा आणि भाषा कायमची बिघडलेल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणजे त्यांना प्रमाणपत्र मागता येतं. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं, की ठरलेल्या टक्केवारीइतकं अपंगत्व नसलं तरी परीक्षेत लेखनिक मिळण्याचा हक्क नाकारता येत नाही. डोक्याला मार लागून बारावीची किंवा स्पर्धा परीक्षा अडलेल्या मुलांच्या पालकांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

बँकेचंही तसंच. आजारपणामुळं सही करता न येणाऱ्या खातेदाराला पैसे काढता यावेत यासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तोही शक्य नसेल तर कुठलीही खूण चालते. ओळख पटवायला दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. २०१७ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं बँकांना असंही सांगितलं, की सत्तरी ओलांडलेल्या आणि दिव्यांग किंवा जर्जर खातेदारांना घरपोच सेवा देण्याचा प्रयत्न करावा. शाखेत कुणी ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवलं तर शांतपणे या सूचनांचा उल्लेख करावा, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अर्ज घरच्यांपैकी कुणी लिहिला तरी चालतो, पण तो खातेदाराला वाचून दाखवावा, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय पुढं जाऊ नये.